पांझरेकाठची बजावणी

माझ्या थोरल्या वहिनींच्या काकांइतका बागांवर जीव टाकणारा आणि झाडांतलं काडीचंही न कळणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल. गुलाब सोडला तर जगातल्या झाडून साऱ्या फुलांना ते जास्वंद म्हणत. बाभळीखाली बसून "यंदा या आंब्याला मोहोर का नाही?" अशी कळकळीची चौकशी करताना मी त्यांना स्वतः पाहिलं आहे. असं असूनही धुळ्यात पांझरेच्या काठी एकूण बागा किती, हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि ती एका अर्थानं खरीही होती, कारण त्यांतल्या बहुतेक बागा त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला दिसतच नसत. स्वातंत्र्य मिळून चार-सहा वर्षं झाली होती. नगरपालिकेनं हौसेनं नदीकाठी एक-दोन ठिकाणी तारेचं कुंपण घालून, कर्दळ लावून, सिमेंटची बाकं टाकली होती. नगरपालिका तिथं दमली आणि वहिनींचे काका तिथून पुढं सुरू झाले.

त्यांना सगळे आबा म्हणत. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, म्हणून आमच्या ओट्यालगतच्या खोलीत राहायचे आणि जेवायला आत यायचे. जन्मभर त्यांनी कोर्टात बेलीफाची नोकरी केली. साक्रीपासून शिरपुरापर्यंत उन्हातान्हात पायी जाऊन लोकांना समन्स बजावायची. एस.टी. असली तरी पायी, कारण एस.टी.तून बेलीफ उतरताना दिसला की गावातली निम्मी माणसं शेतात पळायची. आबा गल्लीत शिरले की दारं लागायची. आतून बाई सांगायची, "ते गावाला गेले," आणि ते गावाला गेलेले गृहस्थ कणगीआड शिंकायचे. असं सारं आयुष्य बंद दारांशी बोलण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर सरकारनं त्यांचा पट्टा परत घेतला, पण पायांची सवय आणि तो आवाज काही काढून घेतला नाही. ते दोन्ही मग पांझरेकाठच्या बागांच्या कामी आले.

त्यांची बागेची व्याख्या सोपी होती. हिरवं दिसलं आणि उभं राहिल्यावर कुणी हाकललं नाही, की ती बाग. गटार फुटून जिथं गवत माजलं होतं ती 'पुलाखालची बाग'. पाण्याच्या इंजिनाशेजारी वेड्या बाभळी होत्या, ती 'इंजिनबाग'. परीट जिथं कपडे वाळत घालायचा, तिथं चार एरंडाची झाडं होती, ती तर त्यांची लाडकी. प्रत्येक बागेत शिरताना आबा टोपी सरळ करायचे आणि कोर्टाच्या कागदात जमिनीची लिहितात तशी तिची चतुःसीमा खड्या आवाजात सांगायचे. "पूर्वेस नदीपात्र. पश्चिमेस नगरपालिकेचा उकिरडा. उत्तरेस इंजिनाची भिंत. दक्षिणेस परटाची वाळत घातलेली धोतरं." संध्याकाळी परीट दक्षिण दिशा घडी घालून घरी न्यायचा, तेव्हा आबा अस्वस्थ व्हायचे. दक्षिणेकडून उघड्या पडलेल्या बागेत बसू नये असं त्यांचं मत होतं.

एकट्यानं बाग पाहण्यात मात्र त्यांना राम वाटत नसे. सोबतीला माणूस हवा. सकाळी उजाडलं की आबा हातात काठी घेऊन गल्लीत उभे राहायचे आणि एकेका दाराशी जाऊन, कोर्टाच्या दारात पुकारतात तसं नाव पुकारायचे. "सोनार मास्तर हाजीर है? सोनार मास्तर!" सोनार मास्तर त्या क्षणी पांघरुणाखाली श्वास रोखून पडलेले असायचे. माझी खोली ओट्यापासून जवळ, म्हणून मला सगळ्यांत आधी पुकारा व्हायचा. मी तेव्हा शाळेत नवाच मास्तर लागलो होतो आणि चालण्याचा मला जन्मजात तिटकारा. मी न्हाणीघरात जाऊन बसायचो आणि आबांची पावलं दूर जाईपर्यंत नुसतंच पाणी ओतायचो. आमच्या घरात मी फार स्वच्छ माणूस म्हणून ओळखला जायचो तो त्यामुळं.

पण बेलिफाला चकवणं इतकं सोपं नसतं. समन्स घेणारा सापडला नाही तर ते त्याच्या दारावर चिकटवायचं आणि बजावणी झाली असं धरायचं, ही कोर्टाची रीत. आबांनी तीच चालू ठेवली. नदीवरून परतताना ते प्रत्येक बागेतलं एकेक पान तोडून आणायचे आणि जो आला नाही त्याच्या दारावर कणकेच्या खळीनं चिकटवायचे. पान चिकटलं, की तो माणूस आबांच्या लेखी बाग पाहून आला. मग दुसऱ्या दिवशी भेटल्यावर त्याच हिशेबानं बोलायचे. "काय मास्तर, काल पुलाखाली तुम्ही जरा दमलात." किंवा, "परवा इंजिनबागेत तुम्ही फार बोललात बुवा, जरा शांत बसत जा." मास्तर घाबरून "हो, हो" म्हणायचे. आमच्या गल्लीतल्या एका वकिलाच्या आईला अर्धांगवायू होऊन ती वर्षभर खाटेवरून उठलेली नव्हती. तिलाही आबांनी, "आजी, परवा उतारावर तुम्ही माझ्यापुढं गेलात, हे बरं नव्हे," असं बजावलं होतं. आजी त्या दिवशी दिवसभर खूश होती.

सगळी गल्ली हसायची. मीही हसायचो. पण एकदा त्यांच्या खोलीत मी काहीतरी मागायला गेलो, तर आबा खाटेवर बसून खळीची वाटी ढवळत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्या हाकेला एक माणूस हसत बाहेर आला नाही रे कधी. चाळीस वर्षांत एक नाही. मला वाटायचं, समन्स आहे म्हणून येत नाहीत." दुसऱ्या दिवशी जाऊ असं मी मनात ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी पुकारा झाल्यावर सवयीनं न्हाणीघरात शिरलो.

त्याच उन्हाळ्यात मला पाहायला सावद्याचे पाहुणे आले. पाहुणे म्हणजे मुलीचे वडील, केळीचे मोठे बागायतदार; त्यांना सगळे भाऊ म्हणत. सावद्याहून भुसावळ, भुसावळहून चाळीसगाव आणि चाळीसगावला गाडी बदलून धुळे, असा प्रवास करून भाऊ सकाळीच येऊन ठेपले. पांढरंशुभ्र धोतर, कोट, वर टोपी. वहिनींनी पोहे केले होते, भरताची वांगी भाजायला घेतली होती. दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, बाजारातून यायचे होते. मी नवा सदरा घालून, भिंतीकडं बघत, सालस दिसायचा प्रयत्न करत बसलो होतो. तेवढ्यात आबा दारात आले, त्यांनी पाहुण्यांकडं पाहिलं आणि नाव ठाऊक नसल्यामुळं नुसतंच पुकारलं, "सावदेकर हाजीर है?"

आणि सावद्याचे भाऊ उठले. चक्क उठले. गावी पहाटेपासून शेतात फिरणारा माणूस. गाडीत बसून त्यांचं अंग आंबलं होतं. "हाये की! चाला, कुठी जायाचं?" असं म्हणत त्यांनी वहाणा सरकवल्या. आबा क्षणभर काठी धरून नुसते उभे राहिले. मग त्यांनी माझ्याकडं असं काही पाहिलं, की मीही निमूट पायांत चपला घातल्या. वहिनी आतून "अहो आबा, पोहे!" म्हणून ओरडल्या तेव्हा आम्ही गल्लीच्या टोकाला पोचलो होतो.

पहिल्या बागेपाशीच वादाला तोंड फुटलं. आबांनी चतुःसीमा सांगितली. भाऊंनी चहूकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "ही बाग नाही आबा. उकिरडा हाये हा."

"उकिरडा पश्चिमेस आहे," आबा म्हणाले.

"पश्चिमेले बी हाये न् इथी बी हाये."

एरंडाच्या झाडांपाशी तेच. "यात कोनती बाग? हे त कोनी लावेल बी नाही." भाऊ खोटं बोलायचे नाहीत, अगदी पाहुणा म्हणून आले असतानाही नाहीत. मला वाटलं, आबा दुखावतील. पण आबांचा चेहरा उजळतच चालला होता. जन्मभरात पहिल्यांदा कुणीतरी सोबत येऊन, त्यांची बाग डोळ्यांनी पाहून, ती नाकारत होतं. दारावर चिकटवलेली पानं कधी भांडत नाहीत.

शेवटी आम्ही नगरपालिकेच्या खऱ्या बागेत आलो. आता तरी वाद मिटेल म्हणून मी सुटकेचा नि:श्वास टाकतो आहे, तोच भाऊ जागच्या जागी थबकले. नळाच्या ओघळावर कुणी कधीकाळी केळीचे दोन-चार कंद लावले असावेत. त्यांचं आता रान झालं होतं. एकेका बुंध्याला पिलांचा, म्हणजे बुडाशी फुटलेल्या कोंबांचा, घोळका, वाळकी पानं लोंबताहेत, मध्येच एक करंगळीएवढ्या केळ्यांचा दीनवाणा घड. भाऊंचा चेहरा पाहून कुणी आप्त आजारी असल्याची खबर आली की काय असं वाटलं.

"ह्या केयी हायेत?" ते हळूच म्हणाले. "एका बुडाले इतकी पिलं? घड पोसीन कसा?"

"जास्वंद छान आहे," आबा म्हणाले.

भाऊंना ते ऐकूच गेलं नाही. त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला, टोपी बाकावर ठेवली, धोतराचा काचा मारला, आणि माळ्याचा विळा तिथंच पडला होता तो उचलून ते केळीत शिरले. "मले नाही पाहावत," एवढंच म्हणाले. मी "भाऊ, ही सरकारी झाडं आहेत" असं म्हणेपर्यंत चार-पाच पिलं आडवी झाली होती. सावद्याचा माणूस ते, पिलांनी गांजलेली केळ दिसली की त्यांचा हात आपोआप चालतो. त्यात आपण कुणाच्या बागेत, कशासाठी आलो आहोत हे बसत नाही. माझ्या लग्नाचा प्रश्न त्या क्षणी माझ्या हातातल्या कोटाच्या खिशात होता, आणि कोटवाला केळीच्या चिकानं माखत होता.

माळी झाडाखाली झोपला होता तो आवाजानं जागा होऊन धावत आला. "कोन शे रे तठे? बठ्ठी केयी कापी टाकी मनी!"

आता बेलीफ पुढं झाले. छाती काढून आबा म्हणाले, "हा इसम माझ्या सोबतीला आलेला आहे." पुरावा म्हणून त्यांनी काठी भाऊंकडं रोखली. माळ्याला या मुद्द्याचं महत्त्व कळलं नाही. "आते साहेबलेच बलाई आनस!" असं म्हणून त्यानं बाहेर जाऊन फाटकाला कुलूप घातलं आणि तो नगरपालिकेच्या साहेबांना आणायला सायकलवर टांग मारून गेला.

मी डोकं धरून बाकावर बसलो. भाऊंनी कुलपाकडं पाहिलं, सूर्याकडं पाहिलं. "कोंडलंच हाये त काम तरी पुरं करू," असं म्हणून ते पुन्हा आत शिरले. आबांनीही बाह्या सारल्या. पिल्लू कोणतं आणि झाड कोणतं हे आबांना अखेरपर्यंत उमगलं नाही, म्हणून भाऊंनी त्यांना फक्त वाळकी पानं ओढायला दिली. दोघं भर उन्हात घामाघूम होऊन भांडत होते, हसत होते. आबांना मोठ्यानं हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तुरुंगात असल्यासारखा कोट सांभाळत बसलो होतो तरी मला त्यांचा हेवा वाटला.

साहेब आले ते जेवण करून, तिसऱ्या प्रहरी. त्यांनी स्वच्छ, सुटी सुटी, रांगेत उभी असलेली केळीची झाडं पाहिली, माळ्याकडं पाहिलं आणि त्याची पाठ थोपटली. "शाबास. अशी निगा राखायला हवी." माळी आमच्याकडं बघायचा, साहेबांकडं बघायचा, केळीकडं बघायचा. मग त्यानं फार सभ्यपणे आम्हांला फाटक उघडून दिलं.

घरी पोचलो तेव्हा वांगी गार झाली होती आणि दादा गरम झाले होते. भाऊंच्या धोतरावर केळीच्या चिकाचे डाग, ते काही जन्मात जात नाहीत. गाडीची वेळ झाली म्हणून ते उभ्यानं पोहे खाऊन निघाले. लग्नाचं बोलणं राहूनच गेलं. जाताना माझ्याकडं बघून, "पोऱ्या बरा हाये, कोट चांगला धरते," एवढंच म्हणाले.

पुढं महिन्याभरानं ते पुन्हा आले, तेव्हा घरात धांदल उडाली. वहिनी घाईनं नवं लुगडं नेसल्या, मी अंघोळ केली, ही मात्र खरी अंघोळ होती. खांद्यावर केळीचा घड घेऊन भाऊ दारात उभे होते. दादा म्हणाले, "या, या, बसा, आता सविस्तर बोलू." भाऊंनी घड दादांच्या हातात दिला आणि म्हणाले, "आबा कुठी हायेत?"

तो त्यांचा शिरस्ताच पडला. कधी कोर्टाची तारीख, कधी बियाणं, काही ना काही निमित्त काढून भाऊ धुळ्याला यायचे. मुलीचं लग्न त्यांनी दुसरीकडं करून टाकलं, त्याची पत्रिकाही आणून दिली. माझं लग्न पुढं अमळनेरला झालं. त्याबद्दल दोन्हीकडं कुणालाच काही वाटलं नाही, कारण एव्हाना आपण सोयरीक जुळवायला भेटलो होतो हेच सगळे विसरले होते. आबा आदल्या दिवशीच काठीला तेल लावून ठेवायचे. मग दोघं निघायचे. प्रत्येक ठिकाणी आबा चतुःसीमा सांगायचे आणि भाऊ म्हणायचे, "ही बाग नाही." इतक्या वर्षांत आबांची एकही बाग भाऊंनी मान्य केली नाही. आणि गल्लीतल्या दारांवर पानं चिकटायची बंद झाली. सोनार मास्तरांना तर चुकल्यासारखं व्हायला लागलं. एकदा त्यांनी मला विचारलं, "आबा रागावले का हो माझ्यावर?"

मग आबांचे गुडघे गेले. चाळीस वर्षं खानदेश तुडवलेले पाय एका हिवाळ्यात आखडले आणि आबा ओट्यावर आले. भाऊ यायचे, एकटेच नदीवर चक्कर मारायचे आणि परत येऊन ओट्यावर सगळं सांगायचे. आबा डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच चूक काढायचे.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पांझरेला पूर आला. पाणी ओसरलं तेव्हा काठी काही राहिलं नव्हतं. कुंपण, बाकं, कर्दळ, परटाचे एरंड, सगळं गेलं. वहिनींनी घरात सक्त ताकीद दिली की आबांना यातलं कुणी काही सांगायचं नाही. आम्ही सगळे त्यांना, "बागा छान आहेत आबा, हिरव्यागार झाल्यात," असं सांगायचो. आबा मान हलवायचे. दाराआडून माणूस खोटं बोलतो तेव्हा आवाज कसा येतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण ते भाऊ येण्याची वाट बघत राहिले.

भाऊ आले तेव्हा वहिनींनी त्यांना मागच्या दारी गाठून सगळं बजावलं. भाऊ सरळ नदीवर गेले. परत आले ते पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेले. ओट्याखाली उभे राहिले. आबांनी विचारलं, "परटाची बाग?"

वहिनी दारातून हात जोडून खुणावत होत्या. भाऊंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "गेली, आबा."

"पूर्वेस काय आहे?"

"नदी."

"पश्चिमेस?"

"तिकडे बी नदीच फिरून गेली. दक्षिणेले चिखल."

"आणि उत्तरेस?"

भाऊंनी मान वर केली. "उत्तरेले मी उभा होतो," ते म्हणाले.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला भाऊंचा राग आला, आणि आपण इतके दिवस या म्हाताऱ्या माणसाशी दाराआडूनच बोलत होतो याची लाजही वाटली. आबांनी पाय ओट्याखाली सोडले. मग म्हणाले, "म्हणजे आता सगळ्या नव्यानं बघाव्या लागणार." आणि त्यांनी वहाणा मागितल्या.

"आबा, गुडघा!" वहिनी म्हणाल्या. पण भाऊंनी खांदा पुढं केला होता. एकेक पायरी करत दोघं ओटा उतरले आणि गल्लीतून निघाले. मी मागं मागं गेलो, पडले तर धरायला. नदी लांबच राहिली. गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता, तिथवर जाऊन आबा थांबले. नळाचं पाणी सांडून सांडून कडेला थोडी हराळी उगवली होती, एखादं घोंगडं अंथरावं एवढी. आबांनी टोपी सरळ केली. आता चतुःसीमा सांगतील असं मला वाटलं. पण त्यांना धाप लागली होती. त्यांनी भाऊंकडं वळून, जरा चाचरतच विचारलं, "याला बाग म्हणायची का हो?"

भाऊंनी वाकून हराळीवरून हात फिरवला. नळाकडं पाहिलं, मोरीकडं पाहिलं. मग म्हणाले, "म्हनाले काही हरकत नाही."

हिवाळा लागला आणि आबा गेले, त्यामुळं नदीपर्यंत जाणं काही झालं नाही. पण त्या दिवशी दोघं त्या हराळीवर पाय पसरून चांगले ऊन उतरेपर्यंत बसले होते. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन आल्या, तेव्हा वहिनींनी त्यांना पलीकडच्या नळावर जायला सांगितलं.